रक्ताला मुंग्या का लागतात?

आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी नाटक होतं. मी चौदा वर्षांचा असताना माझ्यावर एक जबाबदारी पडली: रक्त. नाटक ऐतिहासिक. तिसऱ्या अंकाच्या शेवटी सरदार पोटात कट्यार खाऊन पडणार आणि पडदा पडेपर्यंत तसाच मरून राहणार. सरदाराचं काम बसवर कंडक्टर असलेल्या आमच्या काकांकडे होतं.

पहिल्यांदा मी खोबरेल तेलात कुंकू कालवलं. रंग छान आला, पण पिवळ्या बल्बखाली ते शेंदरासारखं दिसायला लागलं, आणि ओघळण्याऐवजी सदऱ्यावर डाग धरून बसलं. मग आईने साखरेचा पाक करून दिला. त्यात खायचा लाल रंग घातला आणि काळपटपणा यावा म्हणून माडाच्या गुळाचा एक खडा विरघळवला. आता ते रक्तासारखं दाट, गडद आणि हळू सरकणारं झालं. प्लास्टिकच्या पिशवीत भरून काकांच्या कमरेला बांधलं. काकांनी ती बरोबर वेळेवर फोडली, बायकांच्या रांगेतून "आई गं" ऐकू आलं, आणि मी विंगेत स्वतःवर खूश होऊन उभा राहिलो.

स्टेज आंब्याखाली होतं. दोन मिनिटांत हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या चावऱ्या मुंग्या, खाली उतरले. मेलेले काका आधी पाय झटकू लागले, मग पोट. मागच्या रांगेला वाटलं, काय जीव सोडतोय माणूस! टाळ्या पडल्या.

भयपटांच्या पडद्यामागचे माहितीपट, ज्याला आपण सरळ 'मेकिंग' म्हणतो, ते बघायची गोडी मला लागली ती त्या हुमल्यांमुळे. पण नुसती गोडी असून भागत नाही. मेकिंग कसं बघायचं हे थोडं समजून घ्यावं लागतं, कारण सगळी मेकिंग एका जातीची नसतात. त्यांच्यात फरक पडतो तो मुख्यतः एका गोष्टीने: कॅमेरा कोणाच्या हातात होता, आणि कधी.

सगळ्यात जास्त दिसणारी जात प्रसिद्धीची. सिनेमा चालू असतानाच निर्मात्याच्या पैशाने एक छोटं युनिट सेटवर फिरतं. नट म्हणतो दिग्दर्शक म्हणजे वेडा माणूस, चांगल्या अर्थाने. दिग्दर्शक म्हणतो आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो. काही वर्षांपूर्वी सासष्टीतल्या एका जुन्या घरात भुताच्या सिनेमाचं शूटिंग होतं आणि ओळखीमुळे मला बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून बघायला मिळालं. रात्रीच्या प्रसंगात भिंतीवर झाडाची सावली सळसळायची होती. ती सळसळ करत होता एक पोरगा: हातात आंब्याची फांदी, समोर लाइट, आणि चार तास तो ती फांदी कधी जोरात, कधी हळू हलवत होता. मध्येच हात बदलायचा. मेकिंगचा कॅमेरा तिथेच, दहा फुटांवर होता. तो पूर्णवेळ नायिकेवर. पुढे तो मेकिंगचा तुकडा मोबाइलवर पाहिला, तर त्यात फांदी नाही, पोरगा नाही; 'घरात खरंच काहीतरी होतं' असं सांगणारी नायिका मात्र आहे. भुताच्या सिनेमाच्या प्रसिद्धीत हे हमखास येतं: सेटवरही भूत होतं. घराच्या मालकीणबाई त्या वेळी स्वयंपाकघरात सगळ्यांना चहा करत होत्या.

पण प्रसिद्धीसाठी केलेलं म्हणून टाकाऊ, असंही नाही. १९८३ साली मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' गाण्याचा भुताखेतांचा छोटा सिनेमा करायचा ठरला तेव्हा खर्च एवढा होता की तो कोणी एकटा उचलायला तयार नव्हता. तोड अशी निघाली की सोबत एक मेकिंग करायचं आणि ते टीव्ही वाहिन्यांना विकून पैसा उभा करायचा. म्हणजे पडद्यामागच्या गोष्टीने पडद्यावरच्या गोष्टीचा खर्च भागवला. नंतर ते मेकिंग व्हिडिओ कॅसेट म्हणून धो धो विकलं गेलं. आमच्याकडे ती मस्कतहून आलेल्या मामाच्या बॅगेतून आली. त्यात रिक बेकर हा रंगभूषाकार जॅक्सनच्या चेहऱ्यावर एकेक थर चढवताना दिसतो. दशावतारात देवळामागे बसून आरशात बघत स्वतःचं तोंड रंगवणारे नट मी पाहिले होते, त्यामुळे ते मला ओळखीचं वाटलं. गंमत म्हणजे मेकिंग पाहून झाल्यावरही त्यातल्या त्या जनावराच्या पिवळ्या डोळ्यांची भीती वाटायची ती वाटायचीच.

दुसरी जात दुर्मीळ. सेटवर कॅमेरा आहे, पण त्याच्यामागे प्रसिद्धीवाला नाही, घरचं माणूस आहे. स्टॅन्ली क्युब्रिकने 'द शायनिंग' केला तेव्हा त्याची मुलगी व्हिव्हियन सेटवर कॅमेरा घेऊन फिरत होती. वय जेमतेम अठराच्या आसपास. तिने केलेला साधारण ३५ मिनिटांचा माहितीपट १९८० साली बीबीसीवर दाखवला गेला. त्यात जॅक निकल्सन कुऱ्हाडीने दार फोडण्याआधी जागच्या जागी उड्या मारतो, कुऱ्हाड हवेत फिरवतो, स्वतःला तापवत जातो. हे एवढंच बघितलं तरी नटाचं काम म्हणजे काय ते कळतं. पण लक्षात राहते ती नायिका, शेली डुव्हाल. एका प्रसंगात तिची वेळ चुकते तेव्हा दिग्दर्शक सगळ्यांसमोर तिच्यावर वैतागतो. दुसरीकडे ती गळलेल्या केसांची बट हातात धरून दाखवते आणि तो ते हसण्यावारी नेतो. मुलीच्या हातात कॅमेरा असल्यामुळे बाप सावध नाही, म्हणून हे आपल्याला दिसतं. आणि मुलगीच असल्यामुळे ती वडिलांना अवघड प्रश्नही विचारत नाही. तिला मिळालेली मोकळीक आणि तिच्यावरची मर्यादा, दोन्ही त्या नात्यातूनच आल्या.

याच सिनेमाबद्दल एक आकडा तुम्ही ऐकला असेल. जिन्यावर डुव्हाल बॅट घेऊन मागे मागे सरकते तो प्रसंग म्हणे १२७ वेळा चित्रित झाला. हा आकडा विक्रमांच्या पुस्तकापर्यंत पोहोचला. स्टेडिकॅम, म्हणजे अंगाला बांधून चालवायचा कॅमेरा, तो स्वतः चालवणारा गॅरेट ब्राऊन मात्र सांगतो की ते ३५ ते ४५ वेळा झालं असेल. पंचेचाळीस वेळा रडत जिना चढणं हेही काही थोडं नाही! पण किस्सा सांगणाऱ्याला ते कमी वाटतं. आमच्या गावातही काकांना चावलेल्या हुमल्यांची संख्या दरवर्षी वाढते.

तिसरी जात आठवणींची. सिनेमा होऊन वीस-पंचवीस वर्षं उलटलेली. माणसं निवृत्त, करार संपलेले, कोणाला कोणाची भीती उरलेली नाही. अशी मेकिंग भरभरून निघाली ती लेझरडिस्क आणि नंतर डीव्हीडीमुळे. तबकडीवर जागा होती, आणि घरात कॅसेट असलेल्या माणसाने तोच सिनेमा पुन्हा विकत घ्यावा यासाठी त्याला काहीतरी जास्तीचं देणं भाग होतं. त्या काळात आपल्याला भयपटांचा तोंडी इतिहास मिळून गेला.

यातला माझा सगळ्यात आवडता म्हणजे 'द एक्झॉर्सिस्ट'वरचा, १९९८ साली बीबीसीने दाखवलेला 'द फिअर ऑफ गॉड'. मूळ सिनेमा १९७३चा. झपाटलेल्या मुलीच्या खोलीत थंडी असते आणि माणसांच्या तोंडातून वाफ निघते, एवढं पडद्यावर दिसतं. आज ती वाफ संगणकावर काढतात. तेव्हा एकच मार्ग होता: खोली खरोखर गार करणं. म्हणून न्यूयॉर्कच्या स्टुडिओतला तो खोलीचा सेट मोठ्या एसी यंत्रांनी शून्याखाली नेला. यंत्रं रात्रभर चालवायची आणि सकाळी चित्रीकरण, कारण दिवे लागले की त्यांच्या उष्णतेने खोली पुन्हा तापायची, वाफ नाहीशी व्हायची, आणि थांबून परत गार करावं लागायचं. युनिट जाड कोट घालून, आणि तेरा-चौदा वर्षांची लिंडा ब्लेअर पातळ नाइटगाऊनमध्ये पलंगावर. मे महिन्यात पेडण्यात बसून हे ऐकताना हेवा वाटतो खरा, पण पाच मिनिटंच.

आवाजांचं काम तर ऐकत राहावं असं. मान वळताना जी कडकड ऐकू येते ती एका जुन्या चामड्याच्या पाकिटाची. आत कार्डं असलेलं पाकीट मायक्रोफोनसमोर पिळलं, झालं. सैतानाचा आवाज मर्सिडीस मॅकेम्ब्रिज या अभिनेत्रीचा. घसा खरवडून निघावा म्हणून तिने कच्ची अंडी, सिगारेट आणि दारू यांचा आधार घेतला. सुरुवातीला तिचं नावच श्रेयनामावलीत नव्हतं. ते मिळवण्यासाठी तिला भांडावं लागलं. म्हाताऱ्या पाद्र्याचं काम केलेला मॅक्स फॉन सिडो तेव्हा चाळिशीतला होता. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या डिक स्मिथ नावाच्या रंगभूषाकाराच्या. सिनेमात कितीतरी चमत्कार आहेत, पण हा चमत्कार कोणाच्या लक्षातच येत नाही. रंगभूषेला याहून मोठी शाबासकी नसावी.

आता जरा अवघड भाग. आईचं काम करणाऱ्या एलन बर्स्टिनला मुलगी थप्पड मारते आणि ती मागे फेकली जाते, तो प्रसंग कमरेला पट्टा आणि दोरी बांधून केला होता. दोरी ओढणारा जास्त जोरात ओढतोय हे तिने आधी सांगितलं होतं. तरी पुढच्या वेळी ती माकडहाडावर आपटली. सिनेमात आहे ती किंकाळी खरी आहे, आणि पाठीचं दुखणंही तिला पुढे पुरलं. शेवटी एक दुसरा पाद्री थरथरत प्रार्थना म्हणतो, ते काम करणारा खराखुरा पाद्री होता. हात थरथरावेत म्हणून दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिनने टेक सुरू होण्याआधी त्याच्या थोबाडीत दिली. नट दचकावेत म्हणून सेटवर बंदुकीचे बारही काढले जात.

बहुतेक मेकिंगमध्ये हे सगळं कौतुकाने सांगितलं जातं: बघा, भीती कशी खरी आहे! मला ते कौतुक आता खटकतं. काका हुमल्यांमुळे तडफडले तेव्हा टाळ्या पडल्या हे खरं, पण पुढच्या वर्षी मुद्दाम हुमले आणून सोडू या असं कोणी म्हटलं नाही. नटाचा धंदाच मुळी न लागता लागल्यासारखं दाखवण्याचा आहे.

त्याच सिनेमावर २०१९ मध्ये 'लीप ऑफ फेथ' नावाचा दुसरा माहितीपट आला. तो दिसायला देखणा आहे. फ्रिडकिन खुर्चीत बसून चित्रकलेबद्दल, संगीताबद्दल, श्रद्धेबद्दल फार सुंदर बोलतो. पण बोलतो तो एकटाच. ज्या बाईची पाठ दुखावली ती समोर नाही, जिने पलंगावर थंडी सोसली तीही नाही. दोन्ही लागोपाठ बघून पाहा. सिनेमा एकच, पण पहिल्यात कारखाना दिसतो आणि दुसऱ्यात एका माणसाचं मन. दोन्ही खरं आहे, फक्त दुसऱ्यालाच 'मेकिंग' समजून बसू नये.

चौथी जात अभ्यासाची: अख्खा सिनेमा सोडून एकाच प्रसंगाची चिरफाड. हिचकॉकच्या 'सायको'मधला न्हाणीघरातला खून साधारण पाऊण मिनिटाचा आहे. त्यावर २०१७ साली दीड तासाचा माहितीपट निघाला आणि त्याचं नावच '७८/५२'. कॅमेरा ७८ वेळा वेगवेगळा लावला आणि ५२ काप, म्हणजे चित्रं जोडण्याच्या ५२ जागा. चित्रीकरणाला सात दिवस लागले. सिनेमा १९६०चा कृष्णधवल, त्यामुळे रक्ताला लाल असण्याची गरजच नव्हती. मोरीतून वाहत जातं ते चॉकलेट सिरप. (माझा माडाचा गूळ आठवा. मी फक्त वीसेक वर्षं उशिरा, आणि रंगीत जगात जन्मलो.)

सुरीचे वार ऐकू येतात ते खरबुजावरचे. हिचकॉकसमोर वेगवेगळ्या जातींची खरबुजं भोसकून दाखवली आणि त्याने नुसतं ऐकून एक जात निवडली, कसाबा नावाची. हे ऐकल्यावर मला राहवेना. श्रावणात म्हापशाच्या बाजारातून एक चिबूड आणला, कारण आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं तेच. त्याआधी घरातल्या कलिंगडावर प्रयोग केला होता, पण कलिंगडाची साल 'टक्' करून फुटते आणि आत पाण्याचा आवाज येतो. ते फळच वाटतं. चिबूड वेगळा. साल मऊ, त्यामुळे सुरी शिरताना आवाज जवळजवळ नाही. मग गर दबून एक ओला, बंद 'खच्च'. आणि सुरी बाहेर ओढताना पोकळीतून बारीक 'स्सप्'. मी डोळे मिटून चार वेळा केलं. चौथ्या वेळी बायको दारात उभी होती. मग गूळ-खोबरं घालून आम्ही तो चिबूड खाल्ला, पण तिने आधी सुरी धुऊन घेतली.

त्या प्रसंगात सुरी अंगात शिरताना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. सुरी दिसते, पोट दिसतं, तोंड दिसतं, पाणी दिसतं. जोडणी आपलं डोकं करतं, आणि तो 'खच्च' आला की डोक्याला शंका घ्यायला फुरसत राहत नाही. मेकिंग पाहूनही भीती का जात नाही याचं उत्तर मला इथे सापडलं. अंग दचकतं ते आधी, विचार येतो तो नंतर. विचाराला खरबूज माहीत असतं, अंगाला नसतं.

एक करामत मात्र सविस्तर सांगायलाच हवी, कारण मला ती समजायला तीन वेळा बघावी लागली. १९८४च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मध्ये एक मुलगा पलंगात ओढला जातो आणि पलंगातून रक्ताचा प्रचंड फवारा उसळून छताला भिडतो. एवढं पाणी वर कसं फेकलं? फेकलंच नाही. एक काड्यापेटी घ्या, आत तळाला पलंग काढा आणि पेटी उलटी करा. पलंग वर, छत खाली. आता त्या पेटीच्या भिंतीला कॅमेरा घट्ट ठोकलेला आहे असं समजा. पेटी उलटली की कॅमेराही उलटला. कॅमेऱ्याच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, पलंग अजून खालीच आहे. मग पलंगाच्या भोकातून लाल पाणी ओता. ते मुकाट्याने खाली, छतावर पडतं, आणि पडद्यावर मात्र उसळून वर जाताना दिसतं. खरी खोली अशीच आसावर बसवून माणसांनी हाताने फिरवली होती.

पुढचं 'नेव्हर स्लीप अगेन' या २०१० सालच्या चार तासांच्या माहितीपटात ऐका. पाणी एका बाजूला जमलं, वजन झुकलं, आणि खोली धरणाऱ्यांच्या हातून सुटून गरगरली. लाल पाणी दिव्यांवर गेलं, ठिणग्या उडाल्या, अंधार झाला. दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि छायाचित्रकार खोलीच्या भिंतीला जोडलेल्या खुर्च्यांत पट्ट्यांनी बांधलेले, डोकं खाली. त्या अंधारात ते तसेच लटकत राहिले. आज सगळे हसत सांगतात. वीज आणि पाणी एकत्र आल्यावर हसायला माणसं उरली, हे नशीबच.

आपल्याकडे काय? 'तुंबाड'चं नाव घ्यावंच लागेल. राही बर्वे या मराठी दिग्दर्शकाचा, नारायण धारपांच्या वातावरणातून आलेला हा सिनेमा २०१२ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये पडद्यावर आला. खरा पाऊस आणि पावसाळी करडा उजेड हवा म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे थांबावं लागलं. त्याच्या मेकिंगमध्ये मला सगळ्यात चकित केलं ते साखळदंडातल्या त्या आजीने: ती भूमिका मोहम्मद समद या मुलाने केली आहे, ज्याने नायकाच्या मुलाचंही काम केलंय. कृत्रिम कातडीखाली एक शाळकरी पोर होतं. कोकणातला आणि गोव्यातला माणूस ते मेकिंग बघताना पाऊस खरा आहे की नळाचा हे लगेच ओळखतो. नळाचा पाऊस फार सरळ पडतो.

रामसे बंधूंनी १९७२च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून पुढे कितीतरी भयपट काढले, सगळं कुटुंब मिळून: एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक आवाजाला, दोघे दिग्दर्शनाला. त्या सेटवर एखादी व्हिव्हियन कॅमेरा घेऊन फिरत असती तर काय मजा आली असती! तेव्हा रीळ महाग होतं. मुख्य सिनेमालाच पुरवून वापरायचं, तर मेकिंगला कुठून आणणार.

आता रीळ लागत नाही. गेल्या उत्सवाला माझ्या भाच्याने रंगपटात मोबाइल लावून ठेवला होता. रक्ताचं काम आता त्याच्याकडे आहे. पाकात तो थोडं मीठ आणि लिंबू घालतो, त्याने हुमले येत नाहीत असं त्याचं म्हणणं. मला पटलेलं नाही. त्याचा सात मिनिटांचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर नाटकापेक्षा जास्त चालला: पिशवीला गाठ मारणं, ती गळणं, दुसरी शोधणं, आणि मेलेला सरदार विंगेत येऊन पहिल्यांदा भजी मागतो ते. शेजारच्या आजींना मी तो दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला, पिशवी कुठे बांधली होती ते बोट ठेवून विचारलं, आणि म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे रे. पण त्या रात्री मी डोळे मिटले होते ते पडदा पडल्यावरच उघडले. त्याला नक्की लागलं नव्हतं ना?"